दिगंबरराव निघाले, त्याची कथा

मंडळी, जरा पुढं सरका. मागं बाया उभ्या आहेत, त्यांना टेकायला जागा होऊ द्या. हां. आणि पेटीवाले, तुम्ही थोडा वेळ हात आवरा. आजच्या आख्यानाला सूर लागायचा नाही, नुसतं ऐकायचं आहे.

मघाशी आपण विरक्तीवर बोललो. तुम्ही माना डोलावल्या, मलाही बरं वाटलं. आता एक प्रश्न विचारतो. एक माणूस घर सोडून निघाला. नोकरी सोडली, गाव सोडलं, परत कधी यायचं ते ठरवलं नाही. त्याला विरक्त म्हणायचं की पळपुटा म्हणायचं? पाठीमागून पाहिलं तर दोघं सारखेच दिसतात हो. दोघांची पाठच दिसते आपल्याला. मग ओळखायचं कसं?

मला ओळखता आलं नव्हतं. सव्वीस वर्षं या गादीवर उभा आहे, आणि भर सभेत चुकलो. कसा चुकलो, ते ऐका.

आपल्याच जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी, दिगंबर मुंडलिक नावाचे गृहस्थ. पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर ऑपरेटर. नदीचं पाणी यायचं, त्यात तुरटी सोडायची, गाळायचं, औषध टाकायचं आणि गावाच्या टाकीत चढवायचं. तेवीस वर्षं हेच काम. माणूस असा, की घड्याळ लावावं त्याच्यावर. त्यांची सायकल, पुढं मोटारसायकल, चौकातून गेली की दूधवाला म्हणायचा, मुंडलिक गेले, म्हणजे पावणेसहा झाले.

घरात तिघं. दिगंबरराव, त्यांच्या मंडळी शैलजाबाई, आणि एकुलती एक मुलगी तेजस्विनी. घरात तेजू. बारावीला चांगले मार्क पडले, फार्मसीला नंबर लागला, जिल्ह्याच्या गावी होस्टेलला राहिली. एकोणीस वर्षांची पोर. सुट्टीला आली की घर कसं भरून जायचं. बापाच्या डब्यात चिठ्ठी ठेवायची — ‘आज भाजी मी केली आहे, खारट असेल तर आईला सांगू नका.’

भाद्रपदात तेजू चार दिवसांसाठी घरी आली आणि तापाने पडली. सगळ्या गावात तापाची साथ होती. दोन दिवस गोळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी दिगंबरराव सकाळच्या पाळीला गेले. आठ वाजता शैलजाबाईंचा फोन. “अहो, तेजूला उठून बसवत नाही. डोळे लावून घेतलेत तिनं. तुम्ही या, दवाखान्यात नेऊ.”

दिगंबरराव म्हणाले, “केंद्रावर मी एकटाच आहे. दोनला सुटतो. आल्यावर नेऊ. तोवर तापाची गोळी दे.”

दोनला दुसरा ऑपरेटर यायचा, तो आला नाही. त्याच्याही घरात ताप. शैलजाबाईंनी पुन्हा फोन केला. “मी रिक्षानं घेऊन जाऊ का?” हे म्हणाले, “थांब. एकटीला झेपायचं नाही. येतोच मी.” बाई थांबल्या. दिगंबरराव घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. गावाची टाकी भरली होती. गावाला दोन्ही वेळेला पाणी आलं होतं.

तेजू दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

दवाखान्याचा दोष नव्हता. डॉक्टर एवढंच म्हणाले की सकाळी आणली असती तर निदान प्रयत्न करता आला असता. ते वाक्य दोघांनी ऐकलं. दोघं शेजारी शेजारी उभे होते. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

मंडळी, त्या दोन फोनांबद्दल तिसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. सांत्वनाला अख्खं गाव आलं. साथच वाईट होती, असं सगळे म्हणाले. ही दोघं हो म्हणाली.

दिवस झाले आणि दिगंबरराव कामावर रुजू झाले. अकरा महिने गेले. घरात भांडण नाही, रडणं नाही, बोलणंही नाही. हे बाहेरच्या खोलीत बसायचे, त्या आतल्या. दुधाचं काय, गॅसचा नंबर लावला का, एवढंच. कधी कधी शैलजाबाई दारापर्यंत यायच्या, पदराला हात पुसत उभ्या राहायच्या, आणि परत आत जायच्या. काहीतरी बोलायचं असायचं त्यांना. दिगंबररावांना ते कळायचं. कळायचं म्हणून तर ते पेपर वर धरायचे.

मग आला स्वातंत्र्यदिन. झेंडावंदन झालं, आणि साहेबांनी माइकवर नाव पुकारलं. उत्कृष्ट कर्मचारी, दिगंबर मुंडलिक. शाल, श्रीफळ, चौकटीतलं प्रशस्तिपत्र. साहेब मनाचा चांगला माणूस, त्याला काय ठाऊक? तो म्हणाला, “गेल्या वर्षी साथीच्या दिवसांत एकदा मुंडलिक सलग बारा तास एकटे केंद्रावर उभे राहिले. ते होते म्हणून त्या दिवशी गावाला पाणी मिळालं.”

टाळ्या वाजल्या. शैलजाबाई बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या. हात आपोआप वर गेले म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दिगंबररावांनी राजीनामा दिला. साहेब हबकले. “अहो, दहा-बारा वर्षं राहिलीत. सुखाची नोकरी. वेडेपणा करू नका.” दिगंबरराव म्हणाले, “सही करा साहेब.”

घरी येऊन त्यांनी जुनी मोटारसायकल धुतली. दोन पिशव्या, एक ताडपत्री, पाण्याचा कॅन, हे सगळं मागच्या सीटवर दोरीनं आवळलं. शैलजाबाई दारात.

“कुठं निघालात?”

“बघतो.”

“कधी येणार?”

“बघतो.”

बाई आत गेल्या. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली. त्यांच्या हातात द्यायच्या आधी म्हणाल्या, “मी येऊ का?”

ऐकलंत का मंडळी? अकरा महिन्यांत ती बाई पहिल्यांदा काही मागत होती. या गृहस्थांनी मागच्या सीटकडे बघितलं आणि म्हणाले, “जागा कुठं आहे? सामान आहे ना.”

आणि गेले.

गावात काय चर्चा! कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणे हिमालयात गुरू भेटलाय, त्यानं बोलावून घेतलं. पोरांनी तर त्यांचा फोटो मोबाईलवर लावला, खाली लिहिलं — ‘जगावं तर मुंडलिक काकांसारखं.’ त्यातल्या एकाचीही गाडी बापाला विचारल्याशिवाय गल्लीबाहेर जात नाही, ती गोष्ट वेगळी.

इकडे दिगंबरराव सातपुडा उतरून निमाडात पोचले. घरी ‘पोचलो’ म्हणण्यापलीकडे आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते. एका चहाच्या टपरीवर म्हातारी बसलेली. चहा देता देता तिनं सहज विचारलं, “बाळबच्चे किती?”

ते म्हणाले, “एक मुलगी.”

“काय करते?”

दिगंबररावांच्या तोंडून निघून गेलं, “फार्मसी शिकते. होस्टेलला असते.”

म्हातारी म्हणाली, “शिकव बाबा, पोरीला शिकव.” झालं. एवढंच बोलणं. पण दिगंबररावांनी त्या टपरीवर तीन चहा घेतले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना चहाची चव लागली. का? कारण त्या म्हातारीच्या लेखी तेजू जिवंत होती. जगात एक जागा अशी सापडली होती, जिथं तेजू होस्टेलच्या खोलीत बसून अभ्यास करत होती.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल हा माणूस थांबत का नव्हता. गावातलं प्रत्येक माणूस जाणून होतं. म्हणून जिथं कुणी जाणत नाही तिथं जायचं. आणि तिथंही फार राहायचं नाही, दोन मुक्काम, तीन मुक्काम. बोलणं वाढलं, कुणी फोटो मागितला, फोन लावा म्हणालं, की गाडीला किक. पुढचं गाव, नवी माणसं, आणि पुन्हा तोच प्रश्न — बाळबच्चे किती?

माळव्यात तेजू दुसऱ्या वर्षाला गेली. राजस्थानात ती वर्गात पहिली आली. एका धाब्यावर त्या आनंदात यांनी सगळ्यांना पेढे वाटले हो! खरे पेढे, विकत आणून. लोकांनी अभिनंदन केलं, आणि यांनी ते मान खाली घालून घेतलं. पोरीच्या बापानं घ्यावं तसं.

हरियाणात एका धर्मशाळेत निवृत्त फौजी भेटला. तो म्हणाला, “पोरीचं ठीक आहे. पण बायको एवढं फिरू देते कशी?”

दिगंबरराव थबकले. काय सांगणार? ती तिकडे एकटी आहे, असं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, का एकटी? ते म्हणाले, “ती गेली.”

“कशानं?”

त्याचंही उत्तर त्यांनी दिलं. काय दिलं, ते त्यांच्याच तोंडून पुढं येईल.

तिथून पुढं प्रत्येक गावात असंच. मुलगी आहे, बायको गेली. आणि ती बायको घरी होती मंडळी. भाडं भरत होती, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला जात होती, तेजूची पुस्तकं पुसत होती. सुरुवातीला यांचा रोज फोन जायचा, मग आठवड्यानं, मग कधीतरी. “पोचलो.” “बरं.” “पाऊस आहे का?” “आहे.” संपलं.

आता माझी चूक.

गेल्या माघात त्यांच्या गावी सप्ताह होता. तिसऱ्या दिवसाची सेवा माझी. गावकऱ्यांनी मला मुंडलिकांची हकीगत सांगितली, त्यांना माहीत होती तेवढी. मला दृष्टांत हवाच होता! मी उभा राहिलो आणि म्हणालो, याला म्हणतात वैराग्य. पोटची पोर गेली, माणसाला संसाराचं खरं रूप कळलं, आणि त्यानं एका झटक्यात पाश तोडला. तुमच्यात आहे का कुणाची छाती? लोक डोलत होते. तेवढ्यात बायकांमधून एक बाई उठली आणि निघाली. मी माइकवर म्हणालो, “बघा, वैराग्याचं नाव काढलं की बायकांना चुलीवरचं दूध आठवतं.” सगळे हसले. ती बाई मागं न बघता गेली.

त्या शैलजाबाई होत्या. मला कुणी सांगितलंही नाही. मी दक्षिणा घेऊन पुढच्या गावाला गेलो.

असो. दिगंबररावांना निघून चौदा महिने झाले. विंध्याच्या बाजूला एका खेड्याजवळ गाडीच्या क्लचप्लेटा जळाल्या. मेकॅनिक म्हणाला, सामान शहरातून येईल, पाच दिवस लागतील. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्यानं, रामसजीवन त्याचं नाव, यांना घरी ठेवून घेतलं. देवमाणूस. घरात बायको आणि मुलगी संध्या. नुकतीच बारावी झालेली. तिला फार्मसीला जायचं होतं. बाप म्हणे, होस्टेलला पोरगी ठेवायची नाही.

पहिल्याच दिवशी दिगंबररावांनी आपली गोष्ट सांगितली. मुलगी फार्मसीला, शेवटच्या वर्षाला, होस्टेलला. संध्याचे डोळे चमकले. ती बापाच्या मागं लागली, काकांची मुलगी राहते ना? तिच्याशी बोला तुम्ही. मग तरी पटेल.

एक दिवस टाळलं, दोन दिवस टाळलं. परीक्षा चालू आहे, फोन बंद असतो. चौथ्या दिवशी सकाळी जेवायच्या वेळेला रामसजीवन म्हणाला, “भाऊसाहेब, अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. लावा फोन. तुमची मुलगी म्हणाली ठीक आहे, तर मी पाठवतो हिला.”

पळायला गाडी नव्हती. दिगंबररावांनी घराचाच नंबर लावला. हिशेब असा, की या वेळेला शैलजा शाळेत असते, फोन घरी राहतो. कुणी उचलणार नाही, मग म्हणू की वर्गात असेल. पण त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. फोन उचलला गेला. आणि उचलल्याबरोबर संध्यानं तो यांच्या हातातून घेतला, सगळ्यांना ऐकू येईल असा केला. “तेजू दीदी?”

पलीकडून आवाज आला, “तेजूची आई बोलतेय.”

रामसजीवननं दिगंबररावांकडे पाहिलं. त्याच्या बायकोनं पाहिलं. संध्या गोंधळली. पोरगीच ती, बोलून गेली, “पण आंटी, काका तर म्हणाले की तुम्ही वारलात.”

मंडळी, दिगंबररावांना वाटलं आता फोन ठेवला जाईल. ठेवला जावा, असं वाटलं. पण बाईंनी ठेवला नाही. त्या आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “तुला काय विचारायचं ते विचार, बाळ.”

संध्यानं विचारलं. होस्टेलमध्ये भीती वाटते का? जेवण कसं असतं? अभ्यास झेपतो का? आणि शैलजाबाई एकेक उत्तर देत गेल्या. “पहिला आठवडा खूप रडत थी. रोज फोन करत थी. फिर मैत्रिणी हो गई. चार जणी एका ताटात खात थी. मुळं-पानांची चित्रं बहुत अच्छी काढत थी.” एक शब्द खोटा बोलल्या नाहीत. नवऱ्याला उघडंही पाडलं नाही. फक्त जे होतं, ते होतं म्हणून सांगितलं.

संध्याचा आवाज बारीक झाला. “थी, आंटी?”

“हां, बेटा. थी.” मग म्हणाल्या, “तुझ्या वडलांना सांग, पाठवा हिला. आणि तू, ताप आला तर कुणाची वाट बघू नकोस, आपली आपण दवाखान्यात जा.”

आणि मग फोन ठेवला.

घरात कुणी यांना दोष दिला नाही. रामसजीवनची बायको उठली आणि यांच्या ताटात वाढायचं राहिलेलं वाढलं. संध्याकाळी रामसजीवन स्वतः शहरात जाऊन गाडीचं सामान घेऊन आला. म्हणाला, “उद्या घरी जा, भाऊसाहेब.” संध्याचा अर्ज भरला गेला. तेवढं एक बरं झालं या कथेत.

चार दिवसांनी दिगंबरराव आपल्या दारात उभे राहिले. शैलजाबाईंनी दार उघडलं. पाणी दिलं. विचारलं, “जेवलात का?” वाढलं. यांचं जेवण होईपर्यंत भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, “कुठवर नेलं होतंत तिला?”

यांना आधी कळेना.

“तेजूला. कितव्या वर्षापर्यंत?”

“शेवटच्या,” ते म्हणाले.

“सांगा.”

आणि दिगंबरराव सांगायला लागले. दुसरं वर्ष, पहिला नंबर, पेढे. बाई ऐकत होत्या. अधेमधे विचारत होत्या, केस वाढवले का तिनं? चष्मा लागला का? दिगंबररावांनी हेही ठरवून ठेवलेलं होतं, तेही सांगितलं. दोघं रडली. चौदा महिने आणि त्याआधीचे अकरा, त्या सगळ्यांत पहिल्यांदा एका खोलीत बसून रडली. दिगंबररावांना वाटलं, सुटलो.

मग बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “आणि मी कशानं गेले?”

दिगंबररावांनी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला.

“लोकांनी विचारलं असेल ना. काय सांगायचात?”

“तापानं,” दिगंबरराव म्हणाले.

“दवाखान्यात वेळेवर नेलं नव्हतं का मला?”

यांनी मान खाली घातली. “सांगायचो की नेलं होतं. मी स्वतः नेलं. सकाळीच.”

शैलजाबाई उठल्या. मग ताट उचलून आत गेल्या.

मला हे कसं ठाऊक? तीन महिन्यांपूर्वी मी त्या गावी गेलो, तेव्हा दिगंबरराव मला भेटायला आले आणि सगळं बोलून गेले. म्हणाले, “महाराज, शैलजाशी बोला. ती सगळं करते माझं. पण बोलत नाही. मला क्षमा करायला सांगा.” मी गेलो. मोठ्या तोऱ्यात गेलो हो, क्षमेवर तर माझी दोन-दोन तासांची कीर्तनं आहेत.

बाई तांदूळ निवडत होत्या. मी माझंही सांगितलं. त्या दिवशी माइकवरून तुमची चेष्टा केली, ती तुम्हीच, हे आता गावात कळलं, मला क्षमा करा. त्या म्हणाल्या, “तुमचं काही नाही, महाराज. तुम्हाला माहीत नव्हतं.”

“मग त्यांनाही करा,” मी म्हणालो. “ते दुःखात होते.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आवाज चढला नाही, काही नाही. म्हणाल्या, “मी दुःखात नव्हते का? त्या दिवशीचा फोन फक्त आम्हा दोघांना माहीत होता. मलाही झोप नव्हती. मी रिक्षा करून का गेले नाही, हे मी कुणाला विचारणार होते? त्यांनाच ना? ते निघून गेले. आणि तिकडे त्यांनी तिला उठवलं आणि तिच्या जागी मला झोपवलं. महाराज, मी क्षमा केली असती. पण करायला मी असायला पाहिजे ना. मला त्यांनी केव्हाच पोचवलंय.”

मी सव्वीस वर्षं बोलतोय. मला एक वाक्य सुचलं नाही. उठताना विचारलं, ही कथा सांगू का कुणाला? त्या म्हणाल्या, “सांगा. नावासकट सांगा. आधी सांगितलीत तीही नावासकटच होती.”

दिगंबरराव त्याच घरात आहेत. बाहेरच्या खोलीत. ते आता कुठं जात नाहीत. रोज एकदा आतल्या दारापर्यंत जातात, उभे राहतात, परत येतात. एवढंच.

मंडळी, शेवट गोड करायची कीर्तनाची रीत आहे. मी प्रयत्न केला, जमला नाही. हा शेवट जसा आहे तसा तुमच्यापुढं ठेवतो.

तुम्ही म्हणाल, महाराज, आम्ही कुठं मोटारसायकल काढून निघालोय? नाही ना. कुणी दुकानात बसतं गिऱ्हाईक नसताना. कुणी मोबाईलमध्ये डोकं घालतं. कुणी रोज देवळात येतं, पहिल्या रांगेत बसतं, टाळ्या वाजवतं, आणि आम्ही त्याला भाविक म्हणतो. घरात दुसरं माणूस असतं. जे तुमच्यावर कोसळलं तेच त्याच्यावर कोसळलेलं असतं. तेच माणूस तुम्हाला नको असतं, कारण त्याला सगळं माहीत असतं. अशा किती जणांना तुम्ही जिवंतपणी पोचवलंत? मला नका सांगू. स्वतःशी मोजा.

आज प्रसादाला थांबू नका. घरी जा. त्या माणसासमोर बसा, बोलायला सुचलं नाही तरी बसा. ते काय बोलेल, ते ऐकून घ्या. आणि त्यानं तुमच्याकडं पाहिलंच नाही, तर — तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. माझ्यापाशी त्याचं उत्तर असतं, तर मी त्या घरातून तसा उठून आलो नसतो.

उठा आता.